बाबांच्या चालीने

आठला निघायचं, असं मी कागदावर लिहिलं.
बाबांनी आठ खोडून साडेनऊ केले,
मग साडेनऊही खोडले
आणि पुढे लिहिलं: चहा झाल्यावर.

बरं, चहा झाल्यावर.
लस्साद तबुर्सुकच्या चौकातून गाडी घेऊन येईल.
त्याला बोलायला लागतं आणि बाबांना ऐकणारा लागतो,
म्हणून सहा किलोमीटरला पाऊण तास धरलाय.

ताबूनाच्या चार रोट्या, उकडलेली अंडी,
मीठ वेगळ्या पुडीत,
हरीसा (मागच्या वेळी सांडली ती बरणी नव्हे, झाकण घट्ट असलेली),
संत्री, गुडघ्याचं तेल,
आणि घडीची खुर्ची,
जिला बाबा उद्या तीनदा नको म्हणतील
आणि चौथ्यांदा न बोलता बसतील.

माहितीपुस्तकात दुग्गाला दोन तास दिलेत.
आधी नाट्यगृह, मग ज्युपिटरचं देऊळ,
मग स्नानगृहं, मग खाली उतरून ती उंच समाधी.
मी मोठ्याने वाचून दाखवलं.
बाबा अंड्याचं टरफल काढत होते.
म्हणाले, हा पाहुण्यांचा रस्ता झाला.
आम्ही खालून जायचो, ऑलिव्हच्या झाडांतून,
शेळ्यांच्या मागे.

कारण बाबा तिथले.
तिथले म्हणजे अगदी तिथलेच,
त्या दगडांतले:
रोमनांच्या एका भिंतीला टेकून आजीची चूल होती,
धूर कोरीव कमानीखालून बाहेर जायचा.
मग खाली नवं गाव बांधलं,
नळ आला, सरळ गल्ल्या आल्या,
आणि वरच्या माणसांना एकेक करून खाली उतरवलं,
जुनं शहर नीट दिसावं म्हणून.
बाबा तेव्हा नऊ वर्षांचे.
गाढवीला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं.
ती तीन संध्याकाळी वर गेली,
आणि दार नसलेल्या दारापाशी उभी राहिली.

पुस्तक बाजूला सारून बाबांनी पेन्सिल मागितली.
बिलाच्या मागे नकाशा काढला.
त्यात देऊळ नाही, नाट्यगृह नाही.
इथे मबरूका मावशीचं अंजीर.
इथे मी पडलो. (हनुवटीवरचा व्रण दाखवला.)
इथे विंचू, अजून असेल.
मी म्हटलं, आणि बारा वाऱ्यांची नावं कोरलेला तो गोल?
लोक लांबून बघायला येतात.
हो, म्हणाले, तिथे गहू वाळत घालायचो.
वाळायचाही लवकर.

बारा भोकांचं शौचालय मी माझ्यासाठी ठेवलंय,
हसायला पाच मिनिटं.
दुपारी सावली कुठे मिळेल ते बाबांना विचारलं,
तर त्यांनी महिन्यागणिक सांगितली:
एप्रिलात देवळाच्या डाव्या अंगाला,
तिथे खसखशीची लाल फुलं असतील, त्यांच्यावर बसू नकोस.

घर कुठे ते नकाशावर नाही.
मी दोनदा विचारलं.
दुसऱ्यांदा त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं
आणि ते बराच वेळ काढत बसले.

परतीची वेळ लिहिलेली नाही.
लस्सादला सांगितलंय, फोन करू.
तो म्हणाला, कशाला, मी येतोच की आत,
मलाही दाखवा ना ती गाढवी.

रात्री अकराला दिवा मालवला.
दाराशी बाबांचे बूट, पुसलेले,
टाचा भिंतीकडे, टोकं बाहेर.
घाई करायची नाही हं, असं मलाच बजावून
ते झोपायला गेले.

आता पावणेपाच झालेत. बाहेर काळोख आहे.
स्वयंपाकघरात कुणीतरी अगदी हळू,
मला जाग येऊ नये इतक्या हळू,
चहाचं आधण ठेवतंय.